पायाने ढकलायची मोठ्या चाकांची स्कूटर : १४ महिने वापरल्यानंतर

ही बॅटरीवाली नव्हे, हे आधीच सांगते. फोटो पाठवला की पहिला प्रश्न येतो, "चार्जिंग किती चालतं गं?" पुढे सायकलचं २६ इंची चाक, मागे २० इंची, मधे उभं राहायला लांबट फळी, सायकलसारखं हँडल आणि दोन ब्रेक. पेडल नाही, चेन नाही, सीट नाही. एक पाय फळीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने जमीन मागे लोटायची. चार्जिंग म्हणाल तर सकाळची भाकरी.

मी कोल्हापूरची, सहा वर्षं झाली चेक प्रजासत्ताकात ब्रनो शहरात राहते. इथे हिला कोलोबेझ्का म्हणतात, आणि पन्नाशीची बाई हेल्मेट घालून हिच्यावरून निघाली तरी कुणी वळून बघत नाही. कोस्त्का, येडू, मिबो या इथल्याच कंपन्या. किकबाईक फिनलंडची. तिकडे बर्फावरून पायाने ढकलत न्यायची, पुढे खुर्ची असलेली घसरगाडी पूर्वीपासून वापरात होती, तिलाच १९९० च्या दशकात चाकं लागली असं समजा. म्हणजे हे काही लहान मुलांचं खेळणं मोठं करून विकलेलं प्रकरण नाही.

माझी गरज साधी होती. पंचेचाळिशी उलटली, धावणं गुडघ्याने बंद पाडलं. सायकल होती, पण पाऊण तासात माकडहाड असं काही बोलायला लागायचं की ऑफिसात उभ्यानेच मीटिंग करावी लागे. घर कोमीन भागात, ऑफिस होलांड्स्का रस्त्यावर, मधे स्व्रात्का नदीच्या काठाने सपाट सायकलवाट. माझ्या फोनप्रमाणे साधारण साडेसहा किलोमीटर. ट्रॅमने गेलं तर चालणं धरून ३५ मिनिटं लागतातच. तेवढ्या वेळात व्यायाम उरकला तर बरं, एवढाच हिशोब.

आता माझा मूर्खपणा सांगते, कारण निवड करताना तुमच्या कामी येईल तो हाच.

मागच्या वर्षी आम्ही बेस्किडी डोंगरात पुस्तेव्नीला गेलो होतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर, रंगीत लाकडी इमारतींचं ठिकाण. खुर्चीच्या रोपवेने वर जायचं आणि उतरताना भाड्याने कोलोबेझ्का घेऊन राझ्तोकापर्यंत खाली यायचं, हा तिथला ठरलेला कार्यक्रम. सुमारे ४०० मीटरची उतरण. जाड टायर, दणकट फ्रेम, उंच फळी, दगड-मुळ्या काही जाणवत नाही. माझा चौदा वर्षांचा मुलगा पुढे आणि मी मागे ओरडत. खाली आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, मला हीच पाहिजे. आठवड्याभरात साडेचार हजार कोरुनांना जुनी, जवळजवळ तसलीच घेतली. कोरुनाचे रुपये करायचे तर साधारण चौपट धरा.

आणि दोन आठवड्यांत गुडघा परत सुजला.

मला वाटलं माझंच वय, माझंच वजन. मग एका रविवारी बसून विचार केला तेव्हा डोक्यात उजेड पडला. अगं, डोंगरावरून उतरताना मी एकही किक मारली नव्हती! नुसती उभी होते, ब्रेक धरून. उतरणीवर फळी किती उंच आहे याने काही बिघडत नाही, उलट उंच असलेली बरी, खाली दगड लागत नाही. सपाटीवर मात्र सगळं त्या उंचीवर येऊन ठरतं. एक पाय जमिनीला पोचवायचा तर दुसरा, फळीवरचा गुडघा वाकवावा लागतो. फळी जितकी वर, तितका गुडघा जास्त वाकणार. दर किकला.

हे किती वेळा होतं ते मोजलं. नदीकाठी एक किलोमीटर धरून चालले आणि मनात आकडे म्हणत गेले: २२० च्या आसपास किक. म्हणजे ऑफिसला पोचेपर्यंत चौदाशेच्या वर. परत येताना तेवढ्याच. आमचे आजोबा तालमीतले, बैठकांचं कौतुक मी लहानपणापासून ऐकलंय, पण एका पायावर, रोज, दिवसाला अठ्ठावीसशे अर्धवट बैठका आजोबांनी तरी मारल्या असत्या का कोण जाणे.

मग टेप घेऊन फळीची जमिनीपासूनची उंची मोजली. वरचा पृष्ठभाग, जिथे पाय ठेवतो तो: १४ सेंटिमीटर. दुकानांत गेले तर सगळे चाकांचेच आकडे सांगतात, २६/२०, २०/२०, १६/१२. कुणी आपणहून फळीची उंची सांगत नाही. मी टेप घेऊनच फिरले. एका दुकानातल्या पोराला वाटलं मी फर्निचर मोजायला आले आहे. शेवटी घेतली ती फळी वरून साडेनऊ सेंटिमीटर आहे आणि खालची मोकळी जागा मी उभी असताना जेमतेम साडेपाच. किंमत ९,२०० कोरुना, नवीन. जुनी मी विकली, एका डोंगरवेड्या मुलाला, त्याला ती शोभतेही.

साडेचार सेंटिमीटर म्हणजे काय, चार बोटं सुद्धा नाहीत. पण पहिल्याच दिवशी फरक मांडीला कळला. गुडघ्याची सूज परत आली नाही. म्हणून माझं म्हणणं असं की चाकं बघून भुलू नका, आधी फळी मोजा.

चाकांचं महत्त्व नाही असं मात्र नाही. ऑफिसातल्या एकाकडे २०० मिलिमीटर चाकांची, टणक रबराची घडीची स्कूटर आहे, ती मी एकदा स्टारे ब्रनोच्या दगडी फरसबंदीवर चालवली. दात कडकड वाजले. लहान चाक प्रत्येक फटीत उतरतं आणि प्रत्येक कडेला आपटतं. मोठं, हवा भरलेलं चाक त्यावरून तरंगत जातं, आणि एका किकमध्ये लांब जातं. माझ्या चौदाशे किक छोट्या चाकावर नक्कीच जास्त झाल्या असत्या. पण त्याची स्कूटर दुमडून ट्रॅममध्ये पायाशी बसते आणि माझी बसत नाही, हेही खरं. रोज ट्रॅम बदलायची असेल तर माझी घेऊ नका.

शिकायला किती वेळ लागतो? उभं राहायला पाच मिनिटं, नीट चालवायला दोन महिने. पहिला महिना मी फक्त उजव्या पायाने किक मारत होते, कारण तोच चालत होता. परिणाम: डावी मांडी दगडासारखी, उजवीकडचं नितंब ठणकतंय, आणि कंबर एका बाजूला. पाय बदलत राहणं हाच या व्यायामाचा आत्मा. उभा पाय टाचेवर फिरवायचा, दुसरा पाय त्याच्या जागी आणायचा आणि पहिला उतरवायचा, हे सगळं वेग न मोडता. आकडे मोजताना माझं लक्ष उडायचं, म्हणून बेचा पाढा सुरू केला. बे एके बेपासून बे दाहे वीसपर्यंत दहा किक, की पाय बदल. जिथे जरासा चढ आहे तिथे पाच ओळींत बदलते. आता पाढा न म्हणताही पाय आपोआप बदलतात, पण थकले की परत ओठ हलतात. नदीकाठच्या बाकावर बसणाऱ्या एका आजींना वाटतं मी प्रार्थना म्हणते.

दुसरी गोष्ट, किक म्हणजे जमिनीला लाथ नव्हे. पाय पुढच्या चाकाच्या जवळ टेकवायचा आणि मागे लांबवर सोडायचा, मग मांडी आणि नितंब काम करतं. नुसतं पोटरीने ढकललं तर पोटरी दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाही.

वेगाचं सांगायचं तर मी तेरा-चौदाने जाते, ऑफिसला अर्धा तास. सायकलवाले पुढे निघून जातात, काही हरकत नाही. समोरून वारा असेल तर मात्र उभं शरीर म्हणजे शीड. मार्चमध्ये एक आठवडा असा गेला की मी शिव्या देत देत पोचले. मोठ्या चढाला सरळ उतरायचं आणि हातात धरून चालायचं. गिअर नाहीत, त्यामुळे इज्जतीचा प्रश्नही नाही. कोमीनमधला घराकडचा शेवटचा चढ मी आजवर एकदाही किक मारून चढलेले नाही.

पाऊस आणि रूळ यांचा अनुभव एकदाच, पण पुरेसा. नोव्हेंबरात काठाची वाट सोडून प्रदर्शन मैदानाजवळ रस्त्यावर आले होते. ट्रॅमचे रूळ ओले, त्यावर पिवळी पानं. रूळ तिरके ओलांडले आणि मागचं चाक बाजूला सरकलं. सायकलवर असते तर आडवी झाले असते. इथे एक पाय आधीच हवेत, जमीन वीतभर खाली, सरळ उतरून धावत दोन पावलं गेले आणि स्कूटर हातात राहिली. छाती धडधडत होती एवढंच. तेव्हापासून रूळ काटकोनात.

तक्रारी. फळी खाली असल्याने फुटपाथच्या कडेवर पोट घासतं. खालचा रंग पहिल्या महिन्यातच गेला, आता आवाज आला की मी दात खाते आणि पुढे जाते. दोन: किक मारून पाय पुढे आणताना आतला घोटा फळीच्या मागच्या टोकाला लागतो. सुरुवातीला दोन्ही घोटे निळे. पाय जरा बाहेरून आणायची सवय लागेपर्यंत जाड मोजे घाला. तीन: बूट. पातळ, वाकणाऱ्या तळव्याचे लागतात, आणि ते टिकत नाहीत. चौदा महिन्यांत दुसरी जोडी चालू आहे. चार: सामान. मागे कॅरियर नाही, पाठीवर सॅक घेतली की कंबर बोलते. हँडलला पुढे पिशवी बसवली आहे. तीन किलोपर्यंत ठीक. एकदा पाच किलो कणीक आणली, हँडल सारखं एका बाजूला पडायला बघत होतं, शेवटचे दोन किलोमीटर चालत आले.

देखभाल जवळजवळ नाही, चेनच नाही तर तेल कशाला. दर रविवारी हवा. हवा कमी असली की किलोमीटरला वीस-तीस किक वाढतात, हे मोजून सांगते. ब्रेकचे रबर एकदा बदलले, एक पंक्चर. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पुसून काढावं लागतं, नाहीतर बोल्ट गंजतात. ठेवते तळमजल्यावर, इथल्या जुन्या पॅनेलच्या इमारतींत बाबागाड्या ठेवायची वेगळी खोली असते तिथे. तीन बाबागाड्या आणि माझी कोलोबेझ्का.

कायद्याचं एक ध्यानात ठेवा, इथे राहणार असाल तर. चेक वाहतूक कायद्यात कोलोबेझ्का म्हणजे सायकलच. फुटपाथवर चालवायची नाही, अंधारात दिवे पाहिजेत, १८ वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं. आणि नदीकाठी उन्हाळ्यात बिअरची दुकानं ओळीने लागतात, तिथे थांबून एक घेतली तर पुढे हातात धरून चालत जायचं, कारण चालवणाऱ्याला दारूची सूट शून्य. हातात धरली की तुम्ही पादचारी.

पुण्या-कोल्हापूरच्या मैत्रिणी विचारतात, आपल्याकडे घेऊ का? खरं सांगू, माझीच मागवू नका. आपल्या गतिरोधकांवर हिचं पोट अडकून बसेल. तिथे फळी थोडी उंच हवी, म्हणजे गुडघ्याचा प्रश्न परत आला. काही मॉडेलमध्ये मागच्या चाकाची जागा बदलून फळी वरखाली करता येते, ते बघा. आणि रोजचा रस्ता एकदा चालून या, गतिरोधक मोजत.

वजन पहिल्या पाच महिन्यांत चार किलो उतरलं, मग तिथेच थांबलं. भाकरी कमी झाली नाही, काय करणार. जिने चढताना गुडघा गप्प असतो, मला तेवढं पुरे.

सुरुवातीला व्हिडिओ कॉलवर आईने बघितलं तेव्हा म्हणाली होती, "हे काय गं पोराटोरांसारखं, वयाचं काही भान?" या जूनमध्ये ती महिनाभर आली होती. एकाहत्तर वर्षांची. एका दुपारी बाबागाड्यांच्या खोलीत मी हवा भरत होते, तर चप्पल काढून फळीवर उभी राहिली, दोन्ही हातांनी हँडल धरून. म्हणाली, "पाट बराच खाली हाय की." मग खाली वाकून इकडेतिकडे बघितलं. "आणि स्टँड कुठं हाय याला?"

स्टँड नाही. भिंतीला टेकवून ठेवावी लागते.