पुण्यात ८० लाखांचा टू बीएचके: बांधकाम चालू, तयार की रिसेल?

पुण्यात ८० लाखांच्या आसपास टू बीएचके शोधायला निघालं की तीन प्रकारची घरं समोर येतात. एक बांधकाम चालू असलेलं, दुसरं भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेलं पण बिल्डरकडेच शिल्लक राहिलेलं, आणि तिसरं सोसायटीतलं जुनं, म्हणजे रिसेल. किंमत सारखी सांगितली तरी राहायला जाईपर्यंत खिशातून जाणारी रक्कम सारखी नसते.

पुणे महापालिका हद्दीत मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क जास्तीत जास्त ३० हजार. हे ५ लाख ९० हजार तिन्ही घरांना लागतातच. करारातली किंमत रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे त्या भागासाठी सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, कमी असेल तर शुल्क रेडीरेकनरच्या मूल्यावर बसतं. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, ८० हजार वाचतात. मालक म्हणून नवऱ्याचंही नाव घातलं की ती जाते. नवरा नुसता सहकर्जदार राहू शकतो, पण मालकी नसल्यामुळे व्याजावरची आयकर सवलत त्याला मिळत नाही. दोन्ही आकडे समोर ठेवून मगच नावं ठरवा.

जीएसटी फक्त बांधकाम चालू असलेल्या घराला: ५ टक्के, ४ लाख. भोगवटा प्रमाणपत्रानंतर विकलेल्या घराला आणि रिसेलला तो नाही.

बँका ३० ते ७५ लाखांच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकतात, आणि त्या किमतीत मुद्रांक व नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज ६४ लाख, पदरचे १६ लाख, वर ५ लाख ९० हजार. जवळजवळ २२ लाख रोख हाताशी नसतील तर ८० लाखांचं घर बघूच नका, बजेट खाली आणा. जीएसटीचे ४ लाख कर्जात धरणार का, हे बँकेला आधीच विचारा.

बांधकाम चालू: स्वस्त किती असायला हवं?

ताबा दोन वर्षांनी, सध्याचं भाडं महिना २५,००० आणि व्याजदर ८.५ टक्के धरू. दोन वर्षांत भाडं ६ लाख. कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं जातं, सरासरी निम्मं धरलं तर व्याज सुमारे ५ लाख ४४ हजार. वर जीएसटी ४ लाख. एकूण साडेपंधरा लाखांच्या आसपास. तयार घरात पहिल्या दिवसापासून पूर्ण ६४ लाखांवर व्याज चालू होतं, पण भाडं थांबतं. दोन वर्षांचं व्याज ११ लाखांच्या आत. म्हणजे तसंच तयार घर ८० लाखांना मिळत असेल, तर बांधकाम चालू असलेलं किमान साडेचार लाखांनी स्वस्त हवं, तेव्हा कुठे बरोबरी होते. ताबा लांबला की दर महिन्याला आणखी २५,००० धरा. तयार घराचा मेंटेनन्स वजा केला तरी हा फरक मोठाच राहतो. विक्री कार्यालयात ‘आत्ता घ्या, भाव वाढतील’ असं सांगतात तेव्हा हे गणित कोणी मांडत नाही.

पैसे कसे जातात तेही बघा. महारेराच्या (रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नमुना करारात करार झाल्यावर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७०, लिफ्ट, पंप वगैरे बसेपर्यंत ९५ आणि उरलेलं ताब्याच्या वेळी, असे टप्पे आहेत. म्हणजे इमारतीचा नुसता सांगाडा उभा असतो तेव्हाच ७० टक्के रक्कम गेलेली असते. काम रेंगाळतं ते बहुतेकदा इथून पुढे, आतल्या कामात. म्हणून स्लॅब सगळे पडलेत, आत प्लॅस्टर आणि फरशी चालू आहे, असा प्रकल्प घेणं जास्त शहाणपणाचं.

नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, तसं रेरा कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून पूर्ततेची तारीख, मुदतवाढ, तिमाही प्रगती आणि कोर्टातले दावे बघा. विक्रेता तोंडी सांगतो ती तारीख, करारातली तारीख आणि महारेरावरची तारीख या तिन्ही वेगळ्या असू शकतात. उशीर झाल्यास व्याज मागण्याचा हक्क करारातल्या तारखेवर चालतो, तेव्हा तीच तारीख नीट वाचा. प्रकल्पावर बिल्डरने कर्ज काढलं असेल, तर तुमच्या फ्लॅट क्रमांकासाठी त्या वित्तसंस्थेची एनओसी (ना-हरकत पत्र) लेखी घ्या.

तयार, बिल्डरकडून

राहायला लवकर जायचं असेल तर आमचं मत याच घराच्या बाजूने आहे. जीएसटी नाही, जागा डोळ्यांनी दिसते, आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती बिल्डरने विनामूल्य करायची असते. पण भोगवटा प्रमाणपत्र भागशः असू शकतं. त्यात तुमची विंग आणि तुमचा मजला लिहिलेला आहे ना, ते वाचा. ‘फिट-आउटसाठी (आतलं फर्निचर करायला) ताबा देतो, ओसी येईलच’ असं म्हणत असतील तर ते घर तयार नाही, आणि जीएसटीही लागू होतो.

शिल्लक राहिलेल्या फ्लॅटना बहुधा उरलेलंच पार्किंग मिळतं. जागेचा क्रमांक, लांबी-रुंदी आणि ते यांत्रिक आहे का, हे करारात लिहून घ्या. उघड्यावरचं पार्किंग बिल्डर विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे.

ताबा घेताना बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते नहाणी ट्रॅपकडे वाहतं का बघा. फरशीवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तर खाली मसाला नीट भरलेला नाही. फ्लॅट बराच काळ बंद असेल तर फ्लश, नळ आणि खिडक्यांचं सिलिकॉन आधी तपासा; रबरी वायसर वापराविना आखडतात आणि गळती लागते.

रिसेल: घर बघणं सोपं, कागद अवघड

इथे चांगली जागा, जुनी झाडं, जवळची शाळा आणि प्रत्यक्ष शेजारी बघून घर घेता येतं. सगळा धोका कागदात असतो. पहिल्या खरेदीपासून आजवरचा प्रत्येक करार नोंदणीकृत आणि पुरेशा मुद्रांकाचा हवा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातल्या नोंदीचे उतारे) हवेत, सोसायटीचं मूळ भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आजच्या मालकाच्या नावावर हवं. वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. मालक वारला असेल तर ‘मी नॉमिनी आहे’ एवढं पुरत नाही. नॉमिनी हा विश्वस्त असतो. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा हक्कसोडपत्र लागतं. पुढे कोर्टकज्जे होतात ते बहुतेक इथूनच.

मालकाचं कर्ज बाकी असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. तिच्याकडून बाकी रकमेचं पत्र आणि कागदांची यादी घ्या, आणि पहिला धनादेश थेट त्या कर्जखात्याच्या नावाने काढा.

सोसायटी हस्तांतरासाठी महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त प्रीमियम घेऊ शकत नाही. ‘देणगी’ म्हणून जास्त मागितले तर नकार देता येतो. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स, हेही विचारा. इमारत १५ वर्षांपुढची असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा, आणि दुरुस्ती निधीसाठी नवी वर्गणी मंजूर झाली आहे का, ते सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात वाचा.

क्षेत्रफळात एक फसवी गोष्ट आहे. रेराच्या कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींची जाडी धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत. जुन्या करारात बिल्टअप (बाहेरच्या भिंतींसकट मोजलेलं) असतं, नाहीतर भिंती सोडून मोजलेलं कार्पेट. ६५० आणि ६५० म्हणून दोन्ही सारखी समजू नका. टेपने खोल्या मोजा. आणि रिसेल घर शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात बघा, म्हणजे गळती दिसते. एकाच छताला ताजा रंग दिसला तर वरच्या मजल्यावरचं बाथरूम कुठे येतं ते बघा.

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरात १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या रकमेतून कापायचा आयकर) खरेदीदाराने कापून भरायचा असतो, इथे ८० हजार. मालक परदेशी स्थायिक असेल तर दर बराच जास्त असतो. पुण्यात असे मालक पुष्कळ. टीडीएस कापला नाही तर जबाबदारी तुमच्यावर येते, म्हणून सीए आधी गाठा.

सामान हलवताना

बांधकाम चालू घरासाठी भाड्याच्या घराची नोटीस बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर देऊ नका. ओसी, ताबापत्र आणि महावितरणचा स्वतंत्र मीटर हातात आल्यावरच द्या. नव्या इमारतीत पाइप गॅस उशिरा येतो आणि पहिलं वर्षभर शेजारी ड्रिलिंग चालतं. तयार नव्या घरात ग्रिल, गीझर, ओटा, कपाटं करायला ४५ ते ६० दिवस जातात. तेवढं भाडं बजेटात धरा.

रिसेलमध्ये पंखे, गीझर, मॉड्युलर किचन, इन्व्हर्टर यांपैकी काय राहणार याची यादी करारालाच जोडा. शेवटची रक्कम किल्ली आणि वीज, मेंटेनन्स, मिळकतकराच्या भरलेल्या पावत्या हातात आल्यावर द्या. मिळकतकराच्या नोंदीत तुमचं नाव लावून झालं की महापालिकेत पीटी-३ अर्ज, म्हणजे घरात स्वतः राहत असल्याचा अर्ज, भरायला विसरू नका. स्वतः राहत असल्याची मिळकतकरातली ४० टक्के सवलत आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलेलं असेल तर गेलेली असते.

दोन्हीकडच्या सोसायट्यांची सामान हलवण्याची वेळ, अनामत आणि ट्रकची उंची आधी विचारा. फ्रीज आदल्या रात्री रिकामा करून बंद करा, नव्या घरात उभा ठेवून चार तासांनी लावा. फ्रंट लोड वॉशिंग मशीनला ट्रान्झिट बोल्ट (ड्रम हलू नये म्हणून मागून लावायचे बोल्ट) लावल्याशिवाय गाडीत चढवू नका, नाहीतर ड्रमचे सस्पेन्शन निकामी होतात.