विश्रामबागमधील औषध दुकान : ग्रोथ हार्मोन घेणाऱ्या प्रौढांसाठी

बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यामुळे माझी पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली आणि इतर ग्रंथींचे काम चालवणारी ग्रंथी, निकामी झाली. शीहान सिंड्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजारात कॉर्टिसॉल आणि थायरॉइडच्या गोळ्यांच्या जोडीला मला रोज रात्री सोमॅट्रोपिनचे, म्हणजेच ग्रोथ हार्मोनचे, इंजेक्शन घ्यावे लागते. हे औषध केवळ मुलांची उंची वाढवण्यासाठी असते असे समजून अनेक दुकानदार चिठ्ठीकडे संशयाने पाहतात. या संप्रेरकावाचून प्रौढांचेही स्नायू क्षीण होतात, पोटावर चरबी साठते, हाडांची घनता घटते आणि थकवा हटत नाही, हे सांगलीच्या या दुकानातील फार्मासिस्ट ताईंना आधीपासून ठाऊक होते.

औषधाची सारी मदार थंडाव्यावर असते. इंजेक्शनचे न उघडलेले पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि गोठले तर टाकूनच द्यावे लागते. बिघडलेले औषध डोळ्यांना ओळखू येईलच असे नाही, त्यामुळे रुग्णाला दुकानदाराच्या सचोटीवरच विसंबावे लागते. दुसरीकडून मागवलेले माझे पार्सल ऐन एप्रिलमध्ये वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात भिजून आले होते आणि ते परत घ्यायला कोणी तयार नव्हते. या दुकानात फ्रिजचे तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत टिपले जाते, मागितल्यास ती वही दाखवली जाते आणि फ्रिज इन्व्हर्टरला जोडलेला आहे. २०१९ च्या महापुराची आठवण असलेल्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. आइस पॅक पेनला थेट टेकू नये म्हणून मध्ये जाड कागद घालण्याची काळजीही ते घेतात.

मला सर्वांत मोलाची वाटली ती ताईंची जागरूकता. इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा, तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे ग्रोथ हार्मोनचा परिणाम कमी होतो आणि मात्रा बदलावी लागू शकते, म्हणून एंडोक्रायनॉलॉजिस्टना (संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टरांना) जरूर कळवा, असे त्यांनी आपणहून सांगितले. पुढे आयजीएफ-१ ची, म्हणजे ग्रोथ हार्मोनचा परिणाम दाखवणाऱ्या रक्तातील घटकाची, तपासणी करून डॉक्टरांनी मात्रा खरोखरच वाढवली.

किमतीत सवलत जवळजवळ नाही आणि औषध तयार साठ्यात नसते. आगाऊ रक्कम भरून आठवडाभर आधी मागणी नोंदवावी लागते. तासगाव किंवा विट्याहून येणाऱ्यांनी माल आल्याची फोनवर खात्री करूनच निघावे आणि थर्मासची पिशवी बरोबर आणावी.