समांतर तारांचं चुंबकीय क्षेत्र: अँपिअर, बायो-सावर्ट की कॉम्प्युटर?

बारावीला किंवा सीईटीला दोन समांतर तारांचं गणित आलं की मुलं आधी विचारतात, नियम कुठला लावू? माझं मत सरळ आहे. तार लांब असेल तर अँपिअरचा नियम (बंद वाटेवरची क्षेत्राची एकूण बेरीज आतल्या प्रवाहावर ठरते), पण एका वेळी एकाच तारेला. मग दोन्ही उत्तरांची सदिश बेरीज, म्हणजे दिशा धरून केलेली बेरीज. बायो-सावर्टचा नियम (तारेच्या प्रत्येक लहान तुकड्याचं क्षेत्र काढून बेरीज करणारा) राखून ठेवा.

एका लांब तारेसाठी अँपिअरचा नियम दोन ओळींत संपतो. तोंडी हिशेबाला सोपं रूप असं: २० ला प्रवाहाच्या अँपिअरने गुणा, अंतराच्या सेंटिमीटरने भागा, उत्तर मायक्रोटेस्लात, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या एककात. दोन तारा १० सेंटिमीटरवर, प्रत्येकीत १० अँपिअर. मधोमध प्रत्येकीचं क्षेत्र ४०. प्रवाह एकाच दिशेने असतील तर तिथे बेरीज शून्य, उलट दिशांनी असतील तर ८०. भारतात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण ४० च्या घरात असतं, म्हणजे हा आकडा किरकोळ नाही.

बिंदू तारांच्या रेषेवर नसेल तर मात्र नुसते आकडे मिळवू नका. दोन्ही तारांपासून १० सेंटिमीटरवरचा बिंदू घ्या. प्रत्येकीचे २० मायक्रोटेस्ला. पण प्रवाह एका दिशेने असताना एकूण ३४.६, उलट असताना २०. उजव्या हाताच्या अंगठ्याने (अंगठा प्रवाहाकडे, वळलेली बोटं क्षेत्राच्या दिशेने) दोन्ही दिशा आधी आकृतीत काढा, मगच बेरीज करा. मार्क जातात ते इथेच.

अँपिअरच्या नियमात एक फसवी जागा आहे. दोन्ही तारांभोवती एकच वर्तुळ काढलं आणि प्रवाह उलट असले, तर आतला एकूण प्रवाह शून्य येतो. म्हणून क्षेत्र शून्य? नाही. शून्य येते ती वर्तुळावरची एकूण बेरीज. प्रत्येक बिंदूवर क्षेत्र असतंच. फक्त लांब गेल्यावर ते अंतराच्या वर्गाने झपाट्याने घटतं, कारण जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. प्रत्यक्षात ही जोडी नेहमी नीट जुळत नाही. मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर आणायचं ठरलं, तेव्हा मोजमापं बिघडतील या भीतीने कुलाब्याचं चुंबकीय वेधकाम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, पण थोडा जमिनीत झिरपतो.

बायो-सावर्ट लागतो तार आखूड असताना. १ मीटरच्या तारेच्या मध्यासमोर, १० सेंटिमीटरवर, ‘अनंत तारे’चं सूत्र, म्हणजे वरचं २० चं रूप, फक्त २ टक्के जास्त उत्तर देतं, एवढ्यासाठी समाकलन करत बसू नये. ५० सेंटिमीटरवर मात्र खरं क्षेत्र सूत्राच्या ७१ टक्केच भरतं. आणि तारेच्या टोकासमोर, तार कितीही लांब असो, ते सूत्राच्या निम्म्याच्या वर जात नाही.

कॉम्प्युटर कधी? तीनचार सरळ तारांपर्यंत एक्सेल पुरतं: प्रत्येक तारेचे आडवे आणि उभे घटक वेगळ्या रकान्यांत, खाली बेरीज. तारा वाकड्या असतील किंवा सगळीकडचा नकाशा हवा असेल, तर पायथनमध्ये तारेचे लहान तुकडे पाडून बायो-सावर्ट चालवा. प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे वरच्या ४० आणि ८० या आकड्यांवर आधी तपासून घ्या.