डाव्या कानात मशीन, उजव्यात इम्प्लांट

माझ्या डाव्या कानाला साधं श्रवणयंत्र आहे, उजव्या बाजूला कॉक्लिअर इम्प्लांट. त्यामुळे तुलना रोजचीच.

मशीन आवाज मोठा करतं, बस्स. आतल्या कानातल्या केसपेशी थोड्याफार शाबूत असतील तरच त्याचा उपयोग. त्या गेल्या की कितीही आवाज वाढवा, कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं. काय, ते नाही. इम्प्लांट या पेशींना वळसा घालून थेट श्रवणतंतूला विजेचे संकेत देतं. पण निसर्गाने जिथे सुमारे 3500 आतल्या केसपेशी दिल्यात, तिथे इलेक्ट्रोड जेमतेम 12 ते 22. सुरुवातीला बायकोचा आवाज पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा वाटला. (तिला अजून सांगितलेलं नाही.) मेंदूला वळण लागायला काही महिने गेले. आता फोन उजव्याच कानाला. गाणं मात्र डाव्याने. इम्प्लांटमधून तंबोरा ऐकवत नाही, सूर सगळे एकमेकांत कालवलेले.

मशीन नाही आवडलं तर ड्रॉवरमध्ये टाकता येतं. इम्प्लांटला शस्त्रक्रिया, साधारण तीन-चार आठवड्यांनी स्विच-ऑन, मग मॅपिंगच्या, म्हणजे इलेक्ट्रोडचे संकेत आपल्या कानाला जुळवून घेण्याच्या, फेऱ्या. उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणंही त्यात जाऊ शकतं. आत चुंबक असतं, म्हणून एमआरआयआधी सांगावंच लागतं. खर्च लाखांत. लहान मुलांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. मी मात्र एफडी मोडली.

पावसाळ्यात मशीन आणि इम्प्लांटचा बाहेरून लावायचा भाग, दोन्ही सारखीच नाजूक. रात्री दोघांची रवानगी सिलिका जेलच्या डबीत, आणि मग दारावरची बेल वाजली तर उठायचं काम बायकोचं.