जुना थिंकपॅड टी४८०: रॅम वाढवायला जागा असलेला लॅपटॉप

पोरगं इंजिनिअरिंगला लागलं की लातूर-नांदेडच्या दुकानांत पहिली नजर नव्या, स्वस्त लॅपटॉपवर जाते. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत ८ जीबी रॅम बोर्डावरच पक्की असते, पुढे वाढवता येत नाही. त्याच पैशांत कंपन्यांतून उतरलेला लेनोवोचा टी४८० (२०१८) केव्हाही उजवा, कारण यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. पुढच्या टी४९० मध्ये एकच स्लॉट, बाकी रॅम बोर्डावर. आधीच्या टी४७० ला स्लॉट दोन, पण त्याचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. टी४८० सुद्धा काही ठिकाणी सातव्या पिढीच्या, दोन कोअरच्या प्रोसेसरवर विकला गेलाय. आठव्या पिढीचा, म्हणजे आय५-८२५०यू किंवा ८३५०यू लिहिलेलाच घ्या.

दुकानात मशीन चालू करताना एफ१ दाबून बायोस (मशीनच्या मूळ सेटिंगचा स्क्रीन) उघडा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर दुसरं मशीन दाखवायला सांगा; बोर्डावरचा छोटा सेल काढून तो पासवर्ड जात नाही. स्क्रीन १९२० बाय १०८० आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारी) हवी, १३६६ बाय ७६८ ची फिकी असते. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता ताडून पाहा. याला आत एक आणि मागे एक अशा दोन बॅटऱ्या असतात. आतली थोडी चार्ज असेल तर मागची चालू मशीनवर बदलता येते. लाइट जाणाऱ्या गावात ही फार मोठी सोय आहे. टाइप-सी पोर्टला चार्जर लावून बघाच: थंडरबोल्टचं, म्हणजे हा पोर्ट चालवणाऱ्या चिपचं, जुनं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) राहिलं असेल तर हा पोर्ट बिघडतो. चालू असेल तर घरी आल्यावर आधी ते अपडेट करा.

रॅम डीडीआर४ एसओ-डिम (लॅपटॉपची छोटी पट्टी), १.२ व्होल्टची. २६६६ किंवा ३२०० वेगाची घातली तरी ती २४०० वरच चालते, त्यामुळे जास्त वेगाचे जास्त पैसे देऊ नका. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन चॅनेल मिळाले, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरता आल्या, की फरक डोळ्यांना दिसतो. २०२५ च्या उत्तरार्धापासून डीडीआर४ चे भाव चढलेत, म्हणून मशीनचा ८ जीबीचा आणि १६ जीबीचा भाव वेगवेगळा विचारा. रॅम सुटी घेण्यापेक्षा मशीनसोबत घेताना घासाघीस जास्त चालते.

बसवताना बायोसच्या कॉन्फिग, पॉवर या भागातून आतली बॅटरी बंद करा, चार्जर काढा, मागची बॅटरी काढा. खालच्या झाकणाचे सहा स्क्रू सैल होतात, पण बाहेर पडत नाहीत, ओढू नका. झाकण प्लास्टिकच्या कार्डाने उचला, स्क्रूड्रायव्हर घातला तर लॉक तुटतात. पट्टीची खाच जुळवून ती तिरकी आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा 'टक' आवाज आला पाहिजे. झाकण उघडंच आहे तर पंख्यातली धूळही ब्रशने काढा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती साचली की प्रोसेसर तापून मंदावतो.

चार्जर जोडला की आतली बॅटरी पुन्हा सुरू होते. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही वेळ काळी राहते, मशीन नवी रॅम ओळखत असतं. घाईने बटण दाबू नका. बराच वेळ काहीच आलं नाही तर वीज पुन्हा पूर्ण तोडा आणि पट्टी काढून परत बसवा. बहुतेक वेळा ती अर्धवट बसलेली असते. शेवटी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली दोन्ही स्लॉट भरलेले दिसतात का बघा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा. एकही एरर आली तरी रॅम परत करा. बिलावर मशीनचा सिरियल नंबर आणि रॅमची वॉरंटी वेगळी लिहून घेतलेली असेल तर दुकानदारही वाद घालत नाही.