डाळिंबाची सालं, मंजिष्ठ की नीळ? घरी कापड रंगवायची सुरुवात कशाने करावी

पुण्यात हल्ली नैसर्गिक रंगकामाच्या कार्यशाळा बऱ्याच होतात. तिथून हौसेने पिवळाधमक रुमाल रंगवून आणलेली मंडळी पुढे एकच गोष्ट विचारतात: घरी सुरू करायचंय, पण कशापासून? ज्यूसवाल्याकडून सालं आणायची, काष्ठौषधीच्या दुकानातून लाल रंग देणारी मंजिष्ठेची मुळं आणायची, की सरळ निळीचं पिंप लावायचं? तिन्ही रंग वनस्पतींचेच आणि तिन्ही पुण्यात राहून जमण्यासारखे. पण खर्च, मेहनत, जागा आणि मुख्य म्हणजे रंगाचं आयुष्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझा निकष आधीच सांगते: रंग किती टिकतो. चार धुण्यांत विटलेली ओढणी शेवटी फरशी पुसायला जाते. मग ती कितीही निर्मळ रंगाने रंगवलेली असो, कापूस पिकवायला लागलेलं पाणी, विणकराचे कष्ट आणि आपला गॅस, सगळं वाया गेलं. पर्यावरणासाठी हे करायचं असेल तर टिकाऊपणा पहिला, रंगाचं देखणेपण दुसरं. पुढची सगळी तुलना याच काट्यावर केली आहे.

रंगाआधी कापड

सालं की मुळं हा प्रश्न येण्याआधी कापड सुती आहे की रेशमी, हे बघावं लागतं. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे. ते रंग चटकन धरतात, फक्त तुरटीवर काम भागतं. सुती कापडाचं तसं नाही. त्याला आधी हिरडा आणि मग तुरटी, असे दोन थर द्यावे लागतात. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला चिकटतं, तुरटी टॅनिनला धरते आणि रंग तुरटीला. ही साखळी मध्येच तुटली की रंग पाण्याबरोबर निघून जातो.

समजा, मलमलीची ओढणी आणि आणखी एखादा तुकडा मिळून 200 ग्रॅम कापड आहे. ते धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळायचं. पाणी पिवळट-तपकिरी होतं. ती खळ आणि कापसाचं मेण. हे पाणी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. (रेशमाला हा सोडा आणि ही उकळी अजिबात द्यायची नाही, चमक जाते.) मग 40 ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवायचं, न धुता सावलीत वाळवायचं. ते हलकं पिवळं दिसतं, तसंच दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी 30 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. तुरटी किराणा दुकानात मिळते. हिरडा तर आपल्याच जिल्ह्यातला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं तो वेचतात. ही सगळी तयारी अगदी थोड्या पैशांत होते, पण वेळ मागते. ज्यांना हा वेळ द्यायचा नाही त्यांनी महागड्या रंगावर पैसे घालू नयेत.

पुण्याच्या पाण्याबद्दलही सांगायला हवं. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ आहे आणि बहुतेक रंगांना मानवतं. उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये टँकर किंवा बोअरचं पाणी येतं. ते जड असतं आणि कधीकधी त्यात लोह असतं. लोह आहे का, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पेलाभर पाण्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाका आणि थोडा वेळ थांबा. पाणी करडं-काळसर झालं तर त्यात लोह आहे. त्या पाण्यात झेंडूचा पिवळा मळका येणार, हे धरूनच चाला. अशा घरी पावसाचं किंवा गाळलेलं पाणी वापरा, नाहीतर मुद्दाम गडद रंगांकडे वळा.

पहिली वाट: स्वयंपाकघरातलं आणि निर्माल्यातलं

ही वाट जवळजवळ फुकट आहे, म्हणून बहुतेक जण इथून सुरू करतात. पण इथल्या सगळ्या रंगांना एका पंक्तीत बसवू नका.

हळद सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी. तुरटीशिवायही धरते आणि रंग असा लखलखीत येतो की पहिल्याच दिवशी माणूस प्रेमात पडतो. पण तिला ऊन सोसत नाही. साबण लागला की लालसर डाग पडतात, कारण क्षारात हळदीचा रंगच पालटतो. लहान मुलांना रंगकाम दाखवायला हळद उत्तम. अंगावर घालायच्या कापडाला मी ती सुचवणार नाही. बीट, जांभूळ, लाल कोबी, जास्वंद यांचंही तेच: भांड्यात मोहक, कापडावर चार दिवसांचे पाहुणे. होळीच्या सुमारास पळसाच्या फुलांचा मोह होतो, पण तो पिवळाही उन्हात उतरतो.

कांद्याची सालं बरीच बरी. पिवळा ते तांबूस-भगवा असा रंग येतो, मध्यम टिकतो. झेंडू तुरटीवर चांगला बसतो. दसरा-दिवाळीनंतर पुण्यात झेंडूचे ढीग पडतात. घरच्या तोरणाच्या पाकळ्या सोडून सावलीत वाळवल्या तर पुढचे काही महिने पुरतात. देठाचा हिरवा भाग काढून टाकला की रंग स्वच्छ येतो.

या वाटेवरचा खरा भरवशाचा गडी म्हणजे डाळिंब. त्याच्या सालात रंगही आहे आणि टॅनिनही, म्हणजे सुताला धरून ठेवायची सोय त्याने स्वतःच केलेली असते. सोलापूर, सांगोला, नाशिककडचं डाळिंब पुण्यात येतं, आणि रसवाल्याकडे सांगून ठेवलं तर पिशवीभर सालं आनंदाने मिळतात. वाळवून ठेवा, ओली लगेच बुरशी धरतात. कापडाच्या वजनाइतकी वाळकी सालं तासभर उकळून गाळली की त्या पाण्यात तुरटी दिलेलं कापड मोहरीच्या पिवळ्या छटेचं होतं. आणि त्याच पाण्यात हिराकसाचे, म्हणजे लोहाच्या क्षाराचे, चार ग्रॅम टाकले तर डोळ्यांदेखत पिवळ्याचा शेवाळी-करडा होतो. एकाच पिशवीतून दोन टिकाऊ रंग निघाले. हिराकस मात्र मोजूनच. जास्त झालं तर लोह सुताला कुजवतं आणि कापड वर्ष-दोन वर्षांत घडीवर फाटायला लागतं. आणि कुणी मोरचूद सुचवली तर सरळ नाही म्हणा; ती विषारी आहे, घरच्या मोरीत ओतायची वस्तू नव्हे.

दुसरी वाट: काष्ठौषधीचं दुकान

मंडई आणि रविवार पेठेच्या आसपास काष्ठौषधीची जुनी दुकानं आहेत. हिरडा, मंजिष्ठ, कात हे तिथे औषध म्हणून विकलं जातं, आणि रंगाऱ्यांचा मालही तोच. पुण्याला हे नातं नवं नाही. 1892 साली सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब रंगारी पेशाने वैद्य होते आणि त्यांच्या घरचा धंदा शालू रंगवण्याचा होता.

मंजिष्ठ ही या सगळ्या यादीतली माझी आवडती. लाल रंग देणाऱ्या या घराण्याचं वय मोठं आहे: मोहेंजोदडोला सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावरही मंजिष्ठवर्गातल्या वनस्पतीचा रंग मिळाला. पूड घेऊ नका, मुळं घ्या. पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही; मूळ मोडून बघता येतं, आत लालसर दिसलं पाहिजे. 200 ग्रॅम कापडाला शंभर ते दोनशे ग्रॅम मुळं लागतात. गार पाण्यात एकदा विसळून कुटायची, रात्रभर भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर ठेवायची.

सगळी कसोटी या आचेची. मंजिष्ठ उकळली की लाल जातो आणि विटकरी-तपकिरी उरतो. पाण्यातून वाफ यावी, पण बुडबुडा येऊ नये. थर्मामीटर असेल तर पासष्ट-सत्तर अंशांच्या आत. पहिल्या दहा मिनिटांत कापड नुसतं गुलाबी-नारिंगी दिसतं आणि वाटतं, मुळं कमी पडली. थांबा. तासाभरात रंग खोल जातो, आणि गॅस बंद करून रात्रभर त्यातच ठेवलं तर सकाळी पिळताना जो लाल हातात येतो तो कुठल्याही सालाचा नाही. वर सांगितलेलं जड पाणी, त्यात लोह नसेल तर, इथे उलट कामी येतं, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे मंजिष्ठेचा लाल खुलतो. नळाचं मऊ पाणी असेल तर चिमूटभर विझवलेला चुना पुरतो. तेच पाणी दुसऱ्यांदा वापरलं की फिका गुलाबी मिळतो, म्हणजे एका भांड्यात दोन कापडं.

खर्च? किलोचा भाव काही शेकड्यांत. सालांच्या मानाने महाग, पण धुण्याला आणि उन्हाला दोन्हीला चांगली तोंड देते.

कात कमी बोलला जाणारा पण फार टिकाऊ तपकिरी. विड्याच्या कातात इतर काही मिसळलेलं असू शकतं, त्यामुळे शुद्ध कात मागून घ्या. धुण्याला तो घट्ट असतो. ज्यांना मातकट रंग आवडतात त्यांनी मंजिष्ठेच्याही आधी हा करून बघावा.

तिसरी वाट: नीळ

निळा रंग हवा असेल तर नीळच. जांभळापासून, कोबीपासून येणारा निळा खरा नव्हे. पण नीळ हे वेगळंच शास्त्र आहे. इथे हिरडा-तुरटी काही लागत नाही, कारण निळीचा कण पाण्यात विरघळतच नाही. क्षारयुक्त पाण्यात तिच्यातली निळाई आधी "उतरवावी" लागते, तेव्हा ती विरघळते आणि धाग्यात शिरते. बाहेर हवा लागली की पुन्हा निळी होऊन आत अडकते. धुण्याला ती म्हणूनच इतकी चिवट.

खरेदीत दोन गफलती होतात. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ कृत्रिम असते, तिचा इथे उपयोग नाही. आणि केसांना लावायची हिरवट पूड म्हणजे नुसती वाळलेली पानं, त्यातला रंग काढून घट्ट केलेला नसतो. हवी ती गडद निळी वडी किंवा पूड, मुख्यतः तामिळनाडू-आंध्रातून येते आणि किलोला हजारांत जाते. नशीब इतकंच की लागते थोडी.

रासायनिक पद्धतीत हायड्रोसल्फाइट घालून तासाभरात काम होतं. घरी करायचं तर मी गूळ-चुन्याची पद्धत सुचवेन: नीळ एक भाग, विझवलेला चुना दोन, गूळ तीन-चार भाग. झाकणाचं उंच स्टीलचं पिंप घ्या, ॲल्युमिनियम नको. हातमोजे हवेतच, चुना कातडी खातो. दक्षिणेत आपल्याकडच्या टाकळ्याचं बी उकडून घालायची जुनी रीत आहे. पावसाळ्यात ज्याची भाजी खातो तोच टाकळा.

तयार झालेलं पिंप ओळखायचं असं: वर निळा फेस, पृष्ठभागावर तांब्यासारखी चकाकी आणि खालचं पाणी पिवळट-हिरवं. कापड हळूच बुडवायचं, पाच मिनिटांनी काढायचं. बाहेर येतं तेव्हा ते हिरवं असतं आणि मग कडेकडेने निळं होत जातं. एकदा गडद करायच्या नादाने तासभर बुडवून ठेवण्यापेक्षा थोडा थोडा वेळ अनेकदा बुडवा. नाहीतर रंग वरवर बसतो आणि हाताला, सोफ्याला लागतो.

अडचण रंगाची नाही, सांभाळायची आहे. पिंप रोज बघावं लागतं, ढवळावं लागतं, गूळ-चुना कमी पडला तर घालावा लागतो. पुण्याच्या थंडीत ते मंदावतं, दुपारी उन्हात सरकवावं लागतं. वन बीएचकेच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली हे जमत नाही. महिन्यातून एखाद-दुसरा रविवार मिळणाऱ्याने नीळ घरी लावू नये. जिथे पिंप कायम चालू असतं तिथे जाऊन कापड बुडवून आणावं. गच्ची आहे, चार जणी मिळून करणार आहात, तर जरूर लावा. निळ्यावर डाळिंबाचा पिवळा चढवला की हिरवाही मिळतो.

मग निवडायचं काय?

अगदी पहिल्यांदा करत असाल, जागा कमी असेल, तर डाळिंब आणि हिराकस. दोन-चार वेळा तयारी नीट जमली की मंजिष्ठ. तान्ह्या बाळाचं झबलं रंगवायचं तर डाळिंब किंवा झेंडू, हिराकसाशिवाय, आणि रंगवल्यावर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलेलं. उन्हाच्या खिडकीचा पडदा असेल तर कात किंवा नीळ. पिवळे तिथे लावूच नका. रेशमी साडी असेल तर मंजिष्ठ, आणि निळीच्या चुन्याला जरा दूरच ठेवा. एकाच छटेचं पन्नास मीटर कापड हवं असेल तर मात्र वनस्पतींच्या मागे लागू नका. रिअ‍ॅक्टिव्ह नावाचे कृत्रिम रंग सुताशी रासायनिक बंध करतात, ते धुण्याला यांच्यापेक्षा वरचढ आहेत हे मान्य करायलाच हवं. त्यांची किंमत मिठाच्या आणि न चिकटलेल्या रंगाच्या सांडपाण्यात मोजावी लागते, म्हणून ते घरच्या मोरीत न करता सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ठिकाणीच व्हावेत.

विकायचा विचार असेल तर एक पट्टी पुठ्ठ्यात अर्धी झाकून, अर्धी उघडी ठेवून, मार्च-एप्रिलात पश्चिमेच्या खिडकीत दोन आठवडे लावा. दोन अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग विकू नका. तुरटीचं पाणी एकदा वापरून ओतू नका, अर्धी तुरटी घालून पुढच्या कापडाला चालतं. रंगाची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नका. आणि कापडाबरोबर गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्या: रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवा, सोड्यात भिजवू नका, सावलीत वाळवा.