पाद्रोन १९६४ की मुरलेली पार्तागास? जुनी सिगार निवडताना

पाद्रोन १९६४ मालिकेतली ‘एक्सक्लुसिवो’ आणि पार्तागासची ‘सेरिए डी नंबर ४’ या दोन सिगारी शेजारी ठेवल्या तर मापात फारसा फरक नाही. पाद्रोन साडेपाच इंच, पार्तागास १२४ मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांना जराशी कमी. दोन्हींची रिंग गेज ५०, म्हणजे जाडी साधारण दोन सेंटिमीटर. पाद्रोन दाबून चौकोनी केलेली, पार्तागास गोल. विकणारा दोन्हींना ‘एज्ड’, म्हणजे मुरवलेली, म्हणेल आणि दोन्हींचे पैसे तसेच लावेल. प्रश्न इतकाच, की त्या जुनेपणासाठी वाट कोणी पाहिली?

पाद्रोनच्या बाबतीत ती कारखान्याने पाहिली. होसे ओरलांदो पाद्रोन क्यूबा सोडून मायामीत आले आणि १९६४ मध्ये त्यांनी तिथे धंदा सुरू केला. पुढे उत्पादन निकाराग्वातल्या एस्तेलीत गेलं. धंद्याला ३० वर्षं झाली म्हणून १९९४ मध्ये ही मालिका निघाली. वेष्टनापासून आतल्या मिश्रणापर्यंत सगळी पानं निकाराग्वाची, आणि वळण्याआधी ती चार वर्षं मुरवलेली. म्हणजे दुकानातून आणली की त्याच संध्याकाळी पेटवा. घरी आणखी पाच वर्षं ठेवून ती फार सुधारते असं मला वाटत नाही. उलट तिच्यातली मिरीची झणझण तेवढी कमी होते आणि मला नेमकी तीच आवडते.

पार्तागासचं गणित उलटं आहे. क्यूबातल्या हवानाच्या या घराण्याचं नाव १८४५ पासूनचं, पान पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहोचं. पण नेहमीच्या उत्पादनातली डी ४ तुमच्या हाती येते तेव्हा ती पाडाच्या आंब्यासारखी असते. अढीत घालायचं काम तुमचं. ताज्या पेटीत अमोनियाचा वास येतो, धूर नाकात चावतो, जिभेवर तुरटपणा राहतो. पेटीत आंबवणीची क्रिया अगदी संथपणे चालू राहते, अमोनिया उडून जातो, तुरटपणा मवाळ होतो. चारपाच वर्षांनी त्याच सिगारीत ओली माती, देवदाराचं लाकूड, कमावलेलं कातडं आणि मागे रेंगाळणारा गोडवा सापडतो. अर्थात जोरही उतरतो. डी ४ मुळात दणकट, म्हणून तिला हे सोसतं. नाजूक मिश्रणाची सिगार तितकीच वर्षं ठेवली तर चवच पातळ होत जाते. त्यामुळे ‘जितकी जुनी तितकी भारी’ हे दुकानदाराचं वाक्य ऐकून घ्या आणि सोडून द्या.

मुरण्याचं काम क्यूबानेच केलेलं हवं असेल तर मधले मार्ग आहेत. ‘रेसेर्वा’ शिक्क्याच्या सिगारींची पानं निदान तीन वर्षं मुरवलेली असतात, ‘ग्रान रेसेर्वा’ची पाच. डी ४ चीही २००० च्या पिकाची रेसेर्वा निघाली होती. २०१५ मध्ये आलेल्या ‘आन्येहादोस’मध्ये तर वळलेल्या सिगारीच पेटीसकट क्यूबात पाच ते आठ वर्षं ठेवून मग विकायला काढल्या. किमती मात्र अशा, की पहिल्या खरेदीला मी या वाटेने कोणाला पाठवणार नाही.

आता चाखण्याबद्दल. दोन्ही एकाच दिवशी ओढू नका. पहिलीने जीभ बधिर झाली की दुसरीवर अन्याय होतो. रिकाम्या पोटी तर नकोच, निकोटिनने गरगरतं. टोपी, म्हणजे तोंडाकडचं बंद टोक, कापल्यावर न पेटवताच एक झुरका घ्या. हवा सहज येते का, ते इथेच कळतं. माझ्या अनुभवात पाद्रोन इथे क्वचितच दगा देते. क्यूबन पेटीत मात्र एखादी कोंदलेली निघायचीच, आणि कोंदलेल्या सिगारीला वय कितीही असो, चव नाही. न पेटवलेल्या मुरलेल्या पार्तागासला गोठ्याचा, वाळलेल्या गवताचा मंद वास हवा. तिथे अजून अमोनिया झोंबत असेल तर पेटी परत ठेवून द्या.

पेटवल्यावर मिनिटाला एखादाच झुरका. घाई केली की सिगार तापते आणि जुनी असो वा नवी, कडूच लागते. धूर तोंडात घोळवून त्यातला थोडा नाकातून सोडा, फरक तिथे उघडा पडतो. पाद्रोन सुरुवातीलाच कोको, कॉफी आणि मिरी समोर मांडते आणि शेवटपर्यंत जवळपास तिथेच राहते. मुरलेली पार्तागास पहिल्या एक तृतीयांश भागात जवळजवळ काही बोलत नाही, मधल्या भागात खुलते, आणि शेवटी जुना तिखटपणा परत काढते. हा बदलता प्रवास ज्याला हवा, त्यानेच क्यूबनची उठाठेव करावी. (धूर छातीत घ्यायचा नसतो, पण न घेतल्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हेही ठाऊक असू द्या.)

एकच सिगार घ्यायची असेल, भेट द्यायची असेल, तर मी डोळे झाकून पाद्रोन सांगेन. अख्खी पेटी घेऊन दरवर्षी दोनचार काढायची हौस असेल तर पार्तागास. पण मग साठवण आली. ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या सिगारच्या पेटीत, ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात खरा त्रास कोरडेपणाचा नाही, ओलाव्याचा असतो: वेष्टनावर केसाळ पांढरे ठिपके दिसले की ती बुरशी समजा, कोणी ते ‘मुरल्याची खूण’ म्हणून खपवलं तरी. उन्हाळ्यात तापमान २४–२५ अंशांच्या वर राहिलं तर तंबाखूचे किडे अंड्यांतून बाहेर पडून पेटीभर भोकं पाडतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकाला मागवायला सांगणार असाल तर निवड आपोआप झालीच. १९६२ च्या निर्बंधांमुळे तिथे क्यूबन सिगार विकत मिळत नाही, आणि २०२० पासून प्रवाशाच्या सामानातूनही नेता येत नाही. दुबईहून येणाऱ्याकडून आणवणार असाल तर भारतात शुल्क न भरता २५ सिगारींपर्यंतच आणता येतात, म्हणजे २५ ची एक पेटी.

पेटी हाती आली की आधी उलटी करा. क्यूबन पेटीच्या तळाशी स्पॅनिश महिन्याची तीन अक्षरं आणि वर्षाचे दोन आकडे छापलेले असतात. जानेवारीला ‘ई-एन-ई’, एप्रिलला ‘ए-बी-आर’. दुकानदार दहा वर्षं जुनी म्हणतो आणि शिक्का गेल्या वर्षीचा, असं चालत नाही. ‘कोहिबा’ या क्यूबन सिगारीची काचेच्या झाकणाची पेटी कोणी दाखवली तर ती बनावटच, तशी पेटी क्यूबात बनतच नाही. पाद्रोन १९६४ वर दुसरी छोटी पट्टी असते आणि तिच्यावर प्रत्येक सिगारीचा वेगळा क्रमांक. दोन सिगारींवर एकच आकडा दिसला तर दोन्ही परत करा.